सहा वर्षांची हमी

आमचा कुरामित्सू म्हातारा म्हणजे नखशिखांत संशय. हिमेजी शहरातल्या त्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं रांदोसेरू, म्हणजे शाळकरी पोरांची पाठीवरची चामडी दप्तरं, शिवली जातात. त्यातली बावीस वर्षं मी शिवतेय. तरी माझा एकेक टाका तो अजून भिंग लावून बघतो. अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

जूनमध्ये शिगेनो आजी आल्या. सोबत सून कानाए आणि पहिलीतली नात तोवाको. नातवंडाचं दप्तर घ्यायचं आजी-आजोबांनीच, ही आमच्याकडची रीत, म्हणून हमीपत्र आजींच्या नावावर. सहा वर्षं दुरुस्ती फुकट, पण आजींकडचं ते पत्र दाखवल्याशिवाय नाही. खांद्याचा पट्टा निघाला होता.

"दोन महिन्यांत दुसऱ्यांदा," म्हातारा पुटपुटला. मला आत बोलावून त्यानं टाके दाखवले. "हा दोरा झिजलेला नाही, कापलाय."

"शाळेतली पोरं असतील."

"बाकी कुठं ओरखडा नाही. पोरं नुसता दोरा कापून गप्प बसतात होय? घरातलंच कुणीतरी आहे."

आधी त्यानं सुनेवर डोळा ठेवला. ती दाराशीच उभी होती, सासूकडे बघतसुद्धा नव्हती. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर ती पोरीला घेऊन दुसऱ्या गावी गेली आणि नातीचं तोंड दिसेनासं झालं, हे आजींनीच मागच्या खेपेला रडत सांगितलं होतं. मग म्हाताऱ्याला आजींचा संशय आला. मलाही पटलं. नात दिसावी म्हणून म्हातारी काय करणार नाही? पण दप्तर तर सुनेच्या घरी. आजींच्या हाती लागणार कुठून?

उरली कोण?

म्हातारा पोरीपुढे उकिडवा बसला. "काय गं, कात्री शाळेतली का?"

तिनं आईकडे चोरून बघितलं आणि त्याच्या कानाशी लागली. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं.

"आजोबा, सहा वर्षांत किती वेळा तुटलं तर चालतं?"

एवढ्याशा जिवाला हमीपत्राची मेख बरोबर कळली होती.

म्हातारा उठला. आपल्या मालात खोट आहे, हे त्यानं जन्मात कबूल केलेलं नाही. तो सुनेला म्हणाला, "चामडंच खराब निघालं. माझा भरवसा नाही त्यावर. दर महिन्याला तपासायला आणा. आणि पत्र ज्यांच्या नावावर, त्या सोबत हव्यात."

कानाएनं दप्तर हातात घेतलं. कापलेल्या दोऱ्याच्या टोकावरून अंगठा फिरवला, मग लेकीकडे बघितलं.

"सगळ्यांनाच असं बोलावता?"

"नाही," म्हातारा म्हणाला.

तिनं दप्तर म्हाताऱ्याच्या हाती दिलं. मग ती सासूकडे वळली.

"आई, पहिला शनिवार जमेल तुम्हाला?"