काकू उतरतील तिथे आग

ती आग आठवली की आजही मला आधी वास आठवतो, सडक्या अंड्यांचा. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, शिरूर तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो, आणि भुताखेतांच्या गोष्टी ऐकून घ्यायची माझी सहनशक्ती केव्हाच संपली होती.

सकाळची हजेरी चालू असताना वडगाव रासाईच्या रस्त्यावरच्या एका वस्तीवरून पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, बिगीनं या. काकूला वस्तीवरनं हाकलून देणार हाईत."

"कोण काकू? काय केलं त्यांनी?"

"ती जिथं उतरती, तिथं आग लागती."

काकू म्हणजे पन्नाशीच्या एक विधवा. नवरा आजारपणात गेला आणि त्यानंतर तीन ठिकाणी आगी लागल्या. एक त्यांच्याच उसाच्या रानात, दुसरी नातेवाइकांच्या अंगणात आणि तिसरी शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला. गंजीमागे बांधलेलं वासरू जळालं, तेव्हा शेजाऱ्याने तक्रार दिली. नवऱ्याचा आत्मा बाईच्या मागून फिरतो, असं देवऋषीने आधीच सांगून ठेवलं होतं. असल्या बोलण्याविरुद्ध कायदा आहे, ही समज त्याला मी नंतर नीट दिली. पण तोवर काकूंनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. दौंडला त्यांची लेक बाळंत झाली होती आणि नातवाचं तोंड त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

बाईमाणसाचा जबाब घरी जाऊन घ्यावा, म्हणून महिला अंमलदाराला घेऊन मीच गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"गंज तुम्ही पेटवली?"

"व्हय. म्याच."

इतक्या चटकन कबुली देणारा माणूस एक तर कुणाला तरी वाचवत असतो, नाही तर पार थकलेला असतो. मी विचारलं, "कशाने पेटवली?"

"मला काय ठावं? म्या उतरले, आन् जरा येळानं धूर निघाला. काडी न्हाई, काय न्हाई. साहेब, मला कोठडीत ठिवा. तिथं समदं सिमिट आसंल, जळाया काय न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला. चोर कोठडी चुकवायला बघतो, ही बाई ती मागत होती.

"उतरलात म्हणजे कशातून?"

"मालकांच्या गाडीतनं. भाऊजी सोडत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या गाडीत मालक हाईत. चालू केली की आतनं टकटक करत्यात. गाडी तापली की गप बसत्यात. मंग त्यो वास येतो."

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी खात्याच्या मोटार वाहन विभागात काढली आहेत. 'तापली की गप' हे शब्द माझ्या कानात अडकले. भुताला इंजिन तापण्याशी काय देणंघेणं?

काकूंच्या दिराला गाडी बाहेर काढायला सांगितली. जुनी पेट्रोल गाडी, मालक गेल्यापासून शेडमध्ये पडून. दीर एरवी मोटारसायकलवर फिरायचा, काकूंना कुठे जायचं असलं तरच ही बाहेर निघायची. चौघांनी धक्का मारला, गाडी थरथरत चालू झाली आणि बॉनेटखालून आवाज आला. टक, टक, टक. आतून कुणीतरी दार वाजवतंय असाच. धक्का मारणारे मागे सरले, एकाने हात जोडले. खोटं कशाला सांगू, माझ्याही मानेवरचे केस उभे राहिले.

बॉनेट उघडलं. इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डला केसाएवढी चीर होती आणि तिच्याभोवती काजळी. थंड असताना चिरेतून धूर टकटक करत बाहेर पडायचा. बीड तापून फुगलं की चीर मिटायची आणि मालक गप बसायचे. शिवाय एक प्लग ठिणगी देत नव्हता. तिथलं न जळलेलं पेट्रोल खालच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन पेटत होतं. वासही तिथलाच.

"वहिनींना उतरवताना गाडी बंद करता?" मी दिराला विचारलं.

"न्हाई साहेब. बंद केली की परत धक्का माराया लागतोय. चालूच ठिवतो."

"उभी कुठे करता?"

"पाचटावर. चाकं रुतू नयेत म्हनून समदीच दारात उसाचं पाचट टाकत्यात."

माझं कोडं सुटलं, पण वस्तीचं सुटलं नाही. शेजारी म्हणाला, "इंजिनाचं तुमचं बरुबर आसंल साहेब, पन काकू आसली तरच लागती."

तेव्हा मी काकूंना महिला अंमलदारासोबत आमच्या जीपमधून दौंडला पाठवलं. "लेकीच्या घरी आग न्हेऊ व्हय?" म्हणून त्या रडल्या. मी सांगितलं, फोन येईपर्यंत फाटकाबाहेर थांबा.

दिवस मावळतीला आला होता. पंचांसमोर उसाच्या वाळक्या पानांचं ते पाचट पसरलं, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या आणि गाडी त्यावर चालू करून उभी केली. अंधारून येऊ लागलं तसा गाडीखाली तो डबा चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल दिसायला लागला. मग गाडी पुढे काढली.

काहीच झालं नाही. पाचट नुसतं पडून होतं.

"ती न्हाई, मंग आग कशी लागंल?" देवऋषी हसून म्हणाला.

तिकडे एक आजी फाटकाबाहेर उभी होती. इथे काही पेटलं नसतं, तर ती जन्मभर बाहेरच राहिली असती. मी जीव मुठीत धरून गाडीकडे बघत होतो, मागे राहिलेलं पाचट बघायचं सोडून. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. पाचटातून धुराची बारीक रेघ निघाली आणि एकदम भडका उडाला. बादल्या ओतायचंसुद्धा मलाच ओरडून सांगावं लागलं.

मी महिला अंमलदाराला फोन लावून काकूंकडे द्यायला सांगितलं. "काकू, आग लागली. इथे, तुम्ही नसताना."

पलीकडून आवाज आला, "माझ्याबिगार लागली?"

"तुमच्याबिगर."

"मंग... आत जाऊ का, साहेब?"

"जा," मी म्हणालो. फाटकाची कडी वाजली आणि जरा वेळाने लहान बाळाचं रडणं ऐकू आलं. त्यानंतर फोन ठेवायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

आग अपघाती असल्याचा अहवाल मी दिला. कन्व्हर्टर उघडला तेव्हा आतली जाळी वितळून तिचा गोळा झाला होता. तो आणि मॅनिफोल्ड, दोन्ही बदलून घ्यायला लावले. या प्रकरणाने मला एक शिकवलं. कोण उतरलं हे लोक पक्कं लक्षात ठेवतात, कशातून उतरलं हे कुणी बघत नाही. आणि कबुली म्हणजे दर वेळी गुन्हा नसतो. चारचौघांनी रोज सांगितलं, तर माणूस स्वतःविरुद्धही साक्ष देतो.

पुढे एकदा त्या वस्तीवर जाणं झालं. काकू नातवाला कडेवर घेऊन अंगणात उभ्या होत्या. गाडी कशी आहे, म्हणून विचारलं.

"आता गप चालू होती. लई बरं झालं, साहेब." नातवाचं टोपडं सारखं करत त्या थोड्या थांबल्या. "पन भाऊजींनी चालू केली की, येक डाव कान लावतेच."

परत निघताना जीप चालू झाली, तेव्हा मीही कान लावला.