सोवळ्यातलं छत

आमच्याकडे गाडी नव्हती, गॅरेज होतं. अंबडला कारखान्यात नोकरी लागल्या लागल्या नवऱ्याने घराला खेटून पत्र्याचं गॅरेज बांधून घेतलं. म्हणे, गाडी काय, येईलच! कित्येक वर्षं तिथे सायकल उभी होती. शेवटी नव्वदच्या दशकात मीच त्यात ब्यूटी पार्लर टाकलं. एक आरसा, एक खुर्ची आणि वर तापलेला पत्रा.

एप्रिल लागला आणि गिऱ्हाइकाच्या गालावरची पावडर हनुवटीवर ओघळायला लागली. एक बाई तर एकच भुवई करून उठली. "दुसरी संध्याकाळी करते," म्हणाली आणि गेली ती गेलीच.

नवरा खूश. "मे महिन्यात कोणी फिरकलं नाही तर गॅरेज मोकळं कर हं, मी गाडी बघतोय." गाडी बघतोय म्हणजे रस्त्यावरून जाणारी बघतोय, हे मला माहीत होतं. पण माझ्या नावाची पाटी असलेली जगात ती एकच जागा होती. ती जाणार या विचाराने मला रडू यायचं.

थर्माकोल परवडेना. कुणीतरी सांगितलं, अंड्यांचे कागदी ट्रे छताला लावा, गार राहतं. मी रिक्षा भरून ट्रे आणले, तेही भर दुपारी, अख्ख्या गल्लीदेखत. आमच्या घरात केकसुद्धा चौकशी करून खायचे.

"अगं बाई! अंडी?" सासूबाई किंचाळल्या.

"अंडी नाहीत हो आई, नुसते ट्रे."

"पण त्यातच बसली होती ना मेली?"

मी तार आणायला दुकानात गेले. परत येते तर सगळे ट्रे हौदात! वरून गंगेवरून आणलेलं तांब्याभर पाणीही ओतलेलं. शुद्ध करायला घातलेल्या ट्रेंचा पार लगदा झाला होता. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं.

सासूबाई जरा वरमल्या. मग हात घालून त्यांनी लगदा चाचपला. "बरा निघालाय. टोपल्या होतील." एरवी सासूबाई रद्दीच्या लगद्यात चिकटपणासाठी मेथीदाणे वाटून घालायच्या आणि टोपल्या करायच्या.

"टोपल्या काय गिऱ्हाइकांच्या डोक्यावर घालू?" मी ओरडले.

त्यांनी गॅरेजच्या पत्र्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मग छताला घाल की."

आणि पदर खोचून बसल्याच! कांद्याची जुनी गोणपाटं गच्चीवर पसरली, त्यावर मेथी घातलेला लगदा सारवावं तसा थापला. उन्हात वाळून कडक झाल्यावर नवऱ्याला शिडीवर चढवलं आणि एकेक गोणपाट पत्र्याखाली तारेने बांधून घेतलं. तो वर घाम पुसत होता, त्या खालून "डावीकडे, अरे डावीकडे!" करत होत्या.

पार्लरला डिंकाच्या लाडवांचा वास यायला लागला, पण उकडायचं थांबलं. बायका टिकल्या. ज्या जागेला सासूबाई 'थोबाडं रंगवायचं दुकान' म्हणायच्या, तिथेच त्या रोज दुपारी चटई टाकून घोरायला लागल्या.

दोन हजार सालानंतर कधीतरी गाडी खरंच आली. हार घालून नवऱ्याने ती दारात उभी केली आणि हॉर्न वाजवला. "चला, गॅरेज रिकामं करा!"

माझ्या दातात भुवया कोरायचा दोरा होता, बोलता येईना.

चटईवरून डोळेही न उघडता सासूबाई म्हणाल्या, "गाडीला काय उकडतंय का? राहू दे बाहेर."

मी दोरा घट्ट धरला आणि समोरच्या बाईची दुसरी भुवईही पुरी केली.