जोरात मार, डॉट

शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात पाइनच्या झाडांखाली पांढऱ्या रंगाची एक खोली होती. पाटीवर ‘दातांचा दवाखाना’ लिहिलेलं असलं तरी मुलं तिला खुनी घरच म्हणायची. मास्तरांच्या तोंडूनही कधी कधी तेच निघून जायचं. १९५६ साली तिथे मेरेआना पराता ही नर्स होती. वय तेवीस, पांढरा झगा, डोक्याला पांढरा रुमाल आणि वर लाल स्वेटर. माझी आई डॉट तेव्हा आठ वर्षांची होती. ही हकिगत तिच्या डोळ्यांसमोर घडली.

मेरेआनाला दात भरायला मनापासून आवडे. कीड कोरून काढायची, चांदीचा लगदा दाबून बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. मग स्वतःशीच ‘बघ की जरा’ म्हणत ती आरसा लांब धरून पाही. दात उपटायची वेळ आली की मात्र तिचा दिवस खराब जाई. तिच्या आईचे सगळे दात लग्नाआधीच काढून टाकले होते, आणि आजोबांनी तिला लग्नाची भेट म्हणून कवळी दिली होती. तशी रीतच होती, पुढची कटकट नको म्हणून. आई सफरचंद चावून खातेय असं मेरेआनाने कधी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातून सुटलेल्या मुलाने वर्गात जाऊन नर्सने दिलेल्या कागदावरचं पुढचं नाव सांगायचं, असा नियम होता. दार वाजलं की अख्खा वर्ग बाकाला चिकटून बसे. त्या आठवड्यात डॉटच्या वर्गातल्या हुहाना वाकाचं नाव तीनदा आलं आणि तिन्ही वेळा हुहाना खिडकीतून पसार झाली. एकदा तर ती मास्तरांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली, केसांत पिसं घेऊन. तिच्या डाव्या बाजूच्या खालच्या कायमच्या दाढेत खड्डा पडला होता. शुक्रवारी मेरेआना किनाऱ्यावरच्या शाळांकडे निघणार होती, परतायला चार महिने. तोवर कीड मुळाशी पोचली असती.

गुरुवारी ती हुहानाच्या घरी गेली. हुहानाची आई रताळी सोलत होती.

“दाढच ना? उपटून टाक की,” ती म्हणाली. “माझे बघ, एकविसाव्या वर्षी सगळे काढले. एक दिवस रडले, जन्माची सुटका.”

“मावशी, ती अजून सात वर्षांची आहे. ही दाढ तिला म्हातारपणापर्यंत पुरायची.”

“मग पकड तिला. मला तरी कुठे सापडते ती?”

शुक्रवारी सकाळी मेरेआना कागद न घेता स्वतःच वर्गात आली. “हुहाना, मला पायडल मारायला माणूस हवाय. तुझ्या तोंडाला मी हात लावणार नाही. डॉट, तूही चल, साक्षीला.”

कोरायचं यंत्र शिवणयंत्रासारखं पायाने चालायचं. मेरेआनाने टोकाला मऊ रबराची टोपी बसवली आणि आपला अंगठा पुढे केला. “मार. माझं नख घास.”

हुहानाने भीत भीत पाय दाबला. टोपी थरथरत नखावर आपटली. मग तिने वेग वाढवला आणि थरथर थांबून नुसता गुणगुण आवाज उरला. तिने स्वतःचं नख पुढे केलं, डॉटला पायडल मारायला लावलं. सावकाश. जोरात. पुन्हा सावकाश.

“नर्स,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही सावकाश मारता, म्हणून दुखतं.”

मूल रडू लागलं की दयेपोटी तिचा पाय आपोआप हळू पडे. शिकताना बाईंनी वेग कमी करू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी. “कुणी सांगितलं तुला?”

“टॉमीने, त्याची दाढ भरली तेव्हा. म्हणाला, डोकं हादरतं.” हुहाना खुर्चीकडे बघत राहिली. “डॉट पायडल मारणार असेल तर बसते. आणि मी हात वर केला की थांबायचं.”

“थांबेन.”

“लगेच?”

“लगेच.”

डॉटने पायडलवर पाय ठेवला. मेरेआनाने रबराची टोपी काढून कोरायची बारीक सुई बसवली. हुहानाने तोंड उघडलं. पहिल्याच फेरीला हात वर झाला. यंत्र थांबलं. हुहानाने खरंच थांबलंय ना ते पाहिलं, मान हलवली. दुसऱ्या फेरीला पुन्हा हात. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा डॉटचा पाय दमून हळू पडला, तशी खुर्चीतून आवाज आला, कापूस भरलेल्या तोंडातून, पण अगदी स्पष्ट.

“जोरात मार, डॉट.”

डॉटने मारलं. घाम डोळ्यांत गेला, पाइनच्या सावल्या भिंतीवर गरगरू लागल्या आणि सुई एकसारखी गात राहिली. मेरेआनाचा हात जराही हलत नव्हता. “अजून थोडं… झालं. गेली कीड. मुळापर्यंत पोचली नव्हती, हुहाना, ऐकतेस ना?”

चांदी दाबून बसवली, घासली, पुसली. हुहाना आरसा हातात घेऊन बराच वेळ आत डोकावत राहिली.

“ही दाढ पडणार नाही ना?”

“तू नीट घासलीस तर नाही.”

“आणि लग्नाच्या वेळी?”

मेरेआना तिच्यासमोर खाली बसली. “तेव्हाही कुणाला काढू द्यायची नाही.”

हुहाना जिभेने दाढ चाचपत खुर्चीतून उतरली आणि डॉटला म्हणाली, “आता तू बस खुर्चीत. मी मारते.”