कपाळाला लावलेली बंदूक

माझा भाचा नितीन अमेरिकेत राहतो. सुट्टीत डोंगरात तंबू ठोकून राहायची त्याला हौस, आणि त्या डोंगरात अस्वलं. मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तो बंदूक घ्यायला निघाला, म्हणून मीही बरोबर गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने तंबूतून चटकन बाहेर काढता येईल अशी आखूड रायफल निवडली. घोड्याखालची कडी ओढून रायफल रिकामी असल्याचं दाखवलं आणि म्हणाला, "डोळे मिट, खांद्याला लाव, मग उघड. नेम धरायची खूण बरोबर डोळ्यासमोर आली तर ही तुझी."

नितीनने डोळे मिटले. दोन्ही हातांवर रायफल उचलली आणि सरळ कपाळाला लावली.

"अरे, खांद्याला!" म्हातारा हसला. नितीन ओशाळला.

मला मात्र आमच्या घरची खंडेनवमी आठवली. पाटावर विळी, पान्हा, आईची कात्री, सगळ्यांना हळदकुंकू. त्या दिवशी त्यांतलं काहीही वापरायचं नाही. हत्याराला नमस्कार करायचा तो बहुधा त्याने स्वस्थ बसावं म्हणूनच असेल. तसं कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

रायफल खांद्याला नीट बसली. नितीनने ती घेतली.

गाडीत मी विचारलं, "डोळे मिटल्यावर काय मागितलंस रे?"

"अस्वल येऊ नये, मामा."

मग म्हणाला, "आणि आलंच, तर त्याने परत जावं."