बॅस्टिल अर्धवट आहे

जगाचा इतिहास युरोपात, चीनमध्ये, इजिप्तमध्ये वगैरे घडला असं पुस्तकात लिहिलेलं असतं, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तो सगळाच्या सगळा सोलापुरात, आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत, आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी पाच ते सहा या वेळात घडतो, आणि तो घडवून आणणारा माणूस म्हणजे आमचे शेजारचे सर. मी इकडे कणीक मळत असताना भिंतीपलीकडे रोम जळालेलं आहे, कोलंबसाची गलबतं पाण्यात लोटली गेली आहेत, आणि नेपोलियन रशियाकडे निघाला तेव्हा "अरे, जाऊ नकोस म्हणतोय ना!" अशी आरोळी ऐकून माझ्या हातातला पिठाचा डबा खाली पडलेला आहे. मी पोस्टात कारकुनी करून निवृत्त झालेली बाई. इतिहासाशी माझा संबंध शाळेच्या शेवटच्या पेपराबरोबर संपला होता. पण सर शेजारी राहायला आले आणि आता भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा जिंकणाऱ्यानं तहात काय काय मागून घ्यावं, याचा मला चांगला अंदाज असतो.

सरांची सगळी नोकरी शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत गेली. शाळेच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग. त्यांचा खडखडाट शाळा भरायच्या आधी सुरू व्हायचा आणि शाळा सुटली तरी चालू असायचा. त्याच्यावर आवाज चढवून सरांनी पोरांच्या पिढ्यांच्या कानात इतिहास घातला. निवृत्तीनंतर संस्थेनं त्यांना पुन्हा बोलावलं. तालुक्यांमधल्या संस्थेच्या लहान शाळांना इतिहासाचे शिक्षक मिळेनात, तेव्हा सरांनी घरी बसून सहावी ते आठवीच्या मुलांना जगाचा इतिहास ऑनलाइन शिकवावा, मुलांनी घरी जाऊन मोबाईल उघडून बसावं, असं ठरलं. सर आनंदानं तयार झाले. आता शेजारी माग नाहीत, एवढी एकच गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही. सांगितली असती तरी स्वतःच्याच आवाजापुढे ती त्यांना ऐकू गेली नसती.

त्यात सरांचा इंटरनेटवर विश्वास बेताचा. आवाज तारेतून जातो हे त्यांना मान्य होतं, पण अंतर ते अंतरच, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मंगळवेढ्याच्या मुलाला उत्तर द्यायचं तर सर जरा आवाज चढवून बोलत, जेऊरच्या मुलाला त्याहून चढवून, आणि वडिलांची बदली झाली म्हणून एक मुलगी नागपूरहून वर्गात बसायची, तिनं शंका विचारली की मी आधी गॅसवरचं दूध उतरवून ठेवायची. मंगळवेढ्याकडची रेणुका नावाची एक मुलगी होती. घरी शेरडं-मेंढरं, आणि मोबाईलला रेंज फक्त त्यांना कोंडायच्या वाडग्यापाशी, म्हणून ती तिथंच बसून शिकायची. तिनं एकदा धीर करून सांगितलं, "सर, जरा हळू बोला की. चंगीजखान आला म्हनलं की आमची शेरडं उठून पळत्यात." सरांनी ही तक्रार म्हणून घेतलीच नाही. संध्याकाळी मला फाटकात गाठून म्हणाले, "बघा ताई, शेरडांनासुद्धा कळतं. इतिहास जिवंत केला की असं होतं."

घरात बसून शाळा शिकवणं हे त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून तासाआधी सर इस्त्रीचा शर्ट, बूट, खांद्याला पिशवी असा जामानिमा करून वहिनींना "येतो गं" म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडत, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला वळसा घालत, आणि मागच्या दारानं आपल्याच खोलीत शिरत. ती खोली म्हणजे शाळा. तिथं शिरले की तास संपेपर्यंत ते कुणाचे नवरे नव्हते, कुणाचे शेजारी नव्हते. एकदा अक्कलकोटहून वहिनींचे भाऊ आले. वहिनी बाजारात गेलेल्या. दार सरांनीच उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "घरी कुणी नाही. सर शाळेत आहेत. सहानंतर या." आणि दार लावून घेतलं. मेहुणे बिचारे सहापर्यंत आमच्याकडे बसून चहा पीत होते. भिंतीतून येणारा दाजींचा आवाज ऐकत मला विचारत होते, "हे बरे आहेत ना?" मी म्हटलं, "शनिवारी आणि रविवारी एकदम बरे असतात."

नवी पेठेत पृथ्वीचा गोल घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर होते. दुकानदारानं पुढे ठेवलेल्या गोलावर एक देश असा सापडला, जो केव्हाच मोडून गेलेला आहे. सर भडकले. दुकानदार म्हणाला, "सर, देश कशाला बघताव? फिरतीय का नीट ते बघा की." त्यावर सरांनी भर बाजारात, गिऱ्हाइकं खोळंबून ठेवून, तो देश कसा मोडला ते पहिल्यापासून सांगितलं. शेवटी दुकानदारानं गोल कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला तो विक्रीसाठी नव्हे, सुटकेसाठी, असा माझा संशय आहे. घरी तर वर्षातून एकदा सुतकच असे. आदल्या दिवशी वहिनी कुंपणावरून सांगायच्या, "उद्या रोम पडतंय. हे जेवत नाहीत. माझ्या एकटीपुरतीच भाकरी टाकणार."

पण सरांचा सगळ्यात लाडका शोध म्हणजे एक बटण. ते दाबलं की वर्गातल्या सगळ्या मुलांचा आवाज एकदम बंद. जन्मभर मागांशी झुंजलेल्या माणसाला हे सापडलं, मग काय विचारता. तास सुरू झाला की पहिलं काम ते. "आमच्या शाळेत हे असतं तर मी मागांवर लावलं असतं," असं ते म्हणायचे. मुलं पडद्यावर ओळीनं गप बसलेली आणि सरांचा एकट्याचा आवाज सगळ्या जिल्ह्यावर, असा तो संसार होता.

हा आवाज थंडीत बसला. सर म्हणाले, शेंगाची चटणी जास्त झाली. मग म्हणाले, धूळ आहे. मग हळूहळू त्यांच्या बोलण्यातून घरघर यायला लागली, आणि एकदा इंग्लंडचं आरमार निघता निघता मधेच थांबलं. भिंतीपलीकडे नुसती शांतता. मी हातातलं काम टाकून पळत गेले, तर सर पाण्याचा ग्लास धरून उभे होते आणि ओठ हलत होते. डॉक्टरांनी बघितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाले. ती काढून तपासायला पाठवली, आणि ते सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही, असं बजावलं. वहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. जन्मभर "अहो, हळू" म्हणून दमलेली ती बाई. म्हणाल्या, "ताई, वाईट निघालं तर आवाजच जातो म्हनं. ह्यांच्यातनं आवाज काढला तर मागं काय ऱ्हातंय हो?" मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

संस्थेनं रजा घ्या म्हणून कळवलं. सरांनी पाटी मागवली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : बॅस्टिल अर्धवट आहे. फ्रान्सची राज्यक्रांती चालू होती आणि पॅरिसच्या लोकांना सरांनी त्या तुरुंगाच्या दाराशी आणून उभं केलं होतं. त्यांना तिथं ताटकळत ठेवून रजेवर जाणं सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तोडगा म्हणून त्यांनी मला बोलावलं. ते लिहिणार, मी वाचणार. मी आयुष्यभर सरकारी परिपत्रकं वाचली, तशीच क्रांती वाचायला लागले. पडद्यावर मुलं जांभया द्यायला लागली. सरांनी थोडा वेळ सोसलं, मग मला दंडाला धरून बाजूला केलं, ते बटण दाबून सगळ्या मुलांचे आवाज मोकळे केले, आणि कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले.

काय गलका झाला म्हणून सांगू! कुकरच्या शिट्ट्या, एसटीचा हॉर्न, कुणाच्या आजीचा खोकला, रेणुकाची शेरडं. सरांनी वहिनींची शाल अंगावर घेतली, मान वर केली आणि ठुमकत दोन फेऱ्या मारल्या.

"सर, राजा हाय का?"

"राजा न्हाय रं, राणी हाय. मान बघ की तिची!"

सरांनी रिकामं ताट उपडं करून दाखवलं, पोट आत ओढलं, तोंड पसरलं. "भाकरी न्हाय त्यांच्याकडं!" रेणुका ओरडली. सरांनी हात फिरवून विचारलं, मग पुढं? जेऊरचा मुलगा म्हणाला, "मग लोक गप बसतील व्हय? फोडत्यात की!" काय फोडतात, हे सगळे एकदम ओरडले, आणि इकडे सरांनी खोलीच्या दाराला खांदा लावला. घाम गळत होता, आवाज न करता हसत होते.

तेवढ्यात ते दार पलीकडून उघडलं. तासाला आत पाऊल न टाकणाऱ्या वहिनी सरळ आत आल्या. हातात फोन, त्यावर डॉक्टर. त्यांनी तो सरांच्या कानाला लावला. मी जवळच होते, मलाही ऐकू आलं. "साधी गाठ होती सर. काळजीचं काही नाही. आवाज राहील, फक्त पूर्वीसारखा चढवायचा नाही." सर खुर्चीत बसले. चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खांदे हलायला लागले. वहिनींनी भिंतीला हात टेकला. पडद्यावरचा गलका थांबला.

"सर, आता कोन झालाव तुमी?"

"राजा मेला वाटतंय."

"न्हाय रं," रेणुका म्हणाली, "तुरुंगातनं सुटलेला मानूस हाय त्यो."

सरांनी वर बघितलं आणि तिच्याकडे बोट करून पुन्हा पुन्हा मान हलवली. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मी तिथंच हसायला लागले, आणि वहिनी रडता रडता माझ्यावर रागावल्या.

महिनाभरानं डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. त्या दिवशी मी वाटीत लाडू घेऊन गेले आणि वहिनींबरोबर स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. मुलं पडद्यावर आली. सरांनी बोलायला तोंड उघडलं, पण पहिला शब्द यायला वेळ लागला. "सर, हाय का तुमी?" कुणीतरी विचारलं.

"आहे रे," सर म्हणाले. "आहे."

बारीक, थोडा घोगरा, खोलीच्या बाहेर जेमतेम पोचेल असा आवाज. नागपूरच्या मुलीनं काही विचारलं, तेव्हाही तेवढाच. मला वाईट वाटलं. आता हा आवाज चढणार नव्हता, नेपोलियनला कुणी अडवणार नव्हतं. मी वहिनींना धीर द्यायला वळले, तर त्या वेगळ्याच तंद्रीत होत्या. पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "लग्न झालं तवा हे असंच बोलायचे. अगदी हेच. शाळेत लागायच्या आधी. मी पार विसरूनच गेलते हो."

मग लाडवाची वाटी हातात तशीच धरून आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. सर मुलांना काहीतरी सांगत होते. मला त्यातलं निम्मं ऐकू येत नव्हतं. वहिनींना सगळं ऐकू येत होतं.