मानेवरची गाठ आणि पायथ्याची बोरवाली

त्या वर्षी माघ लागला तेव्हा माझ्या मानेला, उजव्या कानाखाली, सुपारीएवढी गाठ होती आणि घरात वैशाखातल्या माझ्या लग्नाची तयारी चालली होती. या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या नसत्या तर मी महादेवाच्या वाटेला लागलोही नसतो, हे आधीच कबूल करून टाकतो. मी काही मोठा भक्त नव्हतो. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मशीन चालवायचो, शनिवारी इटियाडोहच्या कालव्याकाठच्या आमच्या गावी यायचो, आणि देवाचं म्हणाल तर आई दिवा लावते तेवढा आपल्यालाही पुरतो, असं मानून चालायचो.

गाठ दिवाळीच्या सुमाराला हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे कानाडोळा केला. मग तिच्या शेजारी आणखी दोन आल्या. संध्याकाळ झाली की अंगात कणकण भरायची आणि पँट कमरेवर थांबेना. मिलमध्ये कोंड्याची धूळ उडते म्हणून सगळेच गळ्याला दुपट्टा गुंडाळतात. मी तो घरी जेवतानाही काढेनासा झालो. आई विचारायची, "काऊन रे, घरात बी कोंडा उडून रायला का?" मी हसण्यावारी न्यायचो आणि ताटात मान घालायचो.

खरं कारण मला ठाऊक होतं, निदान तशी माझी पक्की खात्री होती. दोन वर्षांपूर्वी तांदळाच्या ट्रकबरोबर परराज्यात गेलो होतो. माल उतरल्यावर ड्रायव्हर मंडळी ढाब्यामागच्या एका खोलीकडे घेऊन गेली. मला कोणी ओढून नेलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही. एकदाच गेलो, पण गेलो. पुढे दवाखान्याच्या भिंतीवर एड्सची माहिती रंगवलेली दिसली: बारीक ताप, वजन घटणं, मानेत आणि काखेत गाठी. ती पाटी मी उभ्या उभ्या तीनदा वाचली. एका खाजगी डॉक्टरनं गाठ चाचपून विचारलं, "कुठं बाहेर गेला होता का?" मी म्हणालो, "छे, छे." त्यानं इंजेक्शनं दिली, गाठ तिथंच राहिली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेतला आणि परत फिरलो.

वनिताशी माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. शेजारच्या गावची मुलगी, शिवणकाम करायची. हे लग्न मोडायचं तर कारण सांगावं लागणार, आणि न मोडावं तर माझा रोग तिच्या अंगात जाणार. मी दोन्हीही करत नव्हतो. गप्प बसलो होतो, आणि गप्प बसलेल्या माणसाचं लग्न आपोआप होऊन जातं हेही मला कळत होतं. आज लिहिताना या गोष्टीची गाठीपेक्षा जास्त लाज वाटते.

महाशिवरात्रीला आमच्या गावातून प्रतापगडच्या महादेवाला पायी जाणारा जथा निघतो, त्याला आमच्याकडे पोहा म्हणतात. मी त्यात नाव दिलं. महादेवापाशी माझी मागणी सरळ होती. गाठ ने, मी सोमवार धरीन, वाकडं पाऊल पुन्हा टाकणार नाही, आणि झालेली गोष्ट तुझ्या-माझ्यात राहील. हे शेवटचं मी फार घोकून ठेवलं होतं.

पोह्यात निघणाऱ्याचे पाय धुवायची आमच्या गावात रीत आहे. वयानं मोठी माणसंही वाकतात, कारण तो आता देवाच्या वाटेचा. त्या सकाळी वनिताचे वडील मुद्दाम आले होते. परात घेऊन ते माझ्यापुढे बसले आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागले. मी पाय मागे ओढले. "लाजून रायला जावई," म्हणून बाया हसल्या. त्यांनी माझा पाय पुन्हा पुढे घेतला, नीट पुसला, त्यावर कुंकू लावलं आणि डोकं टेकलं. त्या क्षणी मी तिथंच सगळं ओकून टाकायला हवं होतं. पण मी पिशवी खांद्याला लावली, आणि पोहा निघाला.

वाटभर मी वेगळाच राहिलो. सगळे एका लोट्यातून पाणी पीत होते, मी माझी बाटली कोणाला लावू देत नव्हतो. आपलं उष्टं कोणाला बाधू नये, एवढीच काय ती माझी माणुसकी उरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गडाच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा बाटली रिकामी होती, पोटात उपास होता आणि अंगात ताप. माणसांचा नुसता पूर होता. पायऱ्या सुरू होतात त्याच्या अलीकडे मला अंधारी आली आणि मी एका बोरवालीच्या ताडपत्रीच्या काठावर मटकन बसलो.

बाई पन्नाशीची असेल. काटक, काळीसावळी, हातात माप. तिनं मला उठवायला हात उगारला, मग चेहरा बघून स्वतःच्या पेल्यात पाणी ओतून पुढे केलं. मी पेला ओठांना न लावता वरून पाणी सोडायला गेलो, अर्धं पाणी छातीवर सांडलं. ओला दुपट्टा काढून तिनं पिळायला घेतला आणि तिची नजर माझ्या मानेवर थांबली.

"गाठी हायेत ना? कवापासून?"

मी दुपट्टा हिसकायला गेलो. तिनं तो दिला नाही. उलट आपला पदर बाजूला केला. तिच्या मानेवर, अगदी त्याच जागी, आंब्याच्या वाळलेल्या सालीसारखा चुरगळलेला व्रण होता. "गंडमाळ हाय ते. टीबीच्या गाठी. मह्या फुटल्या होत्या. औषध घेतलं, गेल्या."

काय सांगू, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. टीबी! नुसता टीबी! महादेवानं वर जायच्या आधीच उत्तर दिलं, असं वाटून मी उठूनही उभा राहिलो. तेवढ्यात ती बोरं मापता मापता म्हणाली, "पन मले टीबी झाला तो दुसऱ्या रोगानं. तो मालकानं आनला होता बाहेरून. एड्सवाला. डॉक्टर म्हने दोनी तपासा. तूबी दोनी तपासून घेजो."

मी पुन्हा खाली बसलो. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. त्या गर्दीत, एका अनोळखी बाईला, मी सगळं सांगितलं. ढाबा, खोली, साक्षगंध, सासऱ्यानं धुतलेले पाय, सगळं. सांगताना मी रडत होतो आणि ती मधेच "अर्धा किलो ना बाई?" म्हणून मापत होती. माझं संपल्यावर तिनं माप खाली ठेवलं.

"मह्या मालकाले ठाव होतं," ती म्हणाली. "तवा आमचं नुकतंच लगन झालं होतं, तवापासून ठाव होतं. मरताना बी नाई सांगतलं. मले दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं. तो चुकला, त्याचा राग नाई मले, बाबू. सांगतलं नाई, त्याचा हाय."

मी विचारलं, "आणि आता तुमचं, मावशी?"

"मले काय झालं? दर महिन्याले गोंदियाले जातो, गोल्या आनतो, दोन टाइम खातो. बोरं इकून रायली ना तुह्यापुढं?" आणि मग पेला पुन्हा भरून माझ्या हातात दिला. "तोंड लावून पी. उष्ट्यानं नाई होत तो रोग. येवढं बी ठाव नाई, अन् मरायले निघाला."

मी तोंड लावून प्यालो. दोन दिवसांत पहिल्यांदा मला पाणी गोड लागलं. उठताना म्हटलं, "चला ना मावशी, वर जाऊन येऊ." तिनं मान उडवली. "मी नाई जात. मालक गेला तवापासून मह्यं त्या महादेवाशी बोलनं बंद हाय. पायथ्याशी बसतो, त्याच्या लेकराईले बोरं देतो. बस."

दुपट्टा मी तिच्याकडेच विसरलो. उघड्या मानेनं पायऱ्या चढलो, वाऱ्यानं गाठीवर गार लागत होतं. पिंडीपुढे उभा राहिलो तेव्हा घोकलेली मागणी काही केल्या आठवेना. लहानपणापासून ऐकलेलं नीलकंठ हे नाव तेवढं आठवलं. जगाला बाधू नये म्हणून त्यानं विष गळ्यात धरलं. मी धरलं होतं ते मला कोणी नाव ठेवू नये म्हणून, आणि उद्या ते दुसऱ्याच्याच अंगात उतरणार होतं. मागची माणसं ढकलत होती. मी फक्त "सांगतो" एवढंच म्हणालो आणि बाहेर पडलो. असं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि गाठ तर होती तिथंच होती.

सोमवारी सरकारी दवाखान्यात गेलो. या वेळी टपरीवर थांबलो नाही. रक्त दिलं, गाठीत सुई घालून पाणी काढलं, उद्या या म्हणाले. मी तसाच बस पकडून वनिताच्या गावी गेलो. ती ओसरीवर मशीनवर बसली होती, तिची आई आत होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मशीनचं चाक तिनं हातानं थांबवलं होतं, ते शेवटपर्यंत तसंच धरून होती.

"रिपोर्ट आला का?" तिनं विचारलं.

"नाही. उद्या."

"मग आजच काऊन सांगता?"

"उद्या चांगला आला असता तर मी सांगितलंच नसतं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "जा तुम्ही. रिपोर्ट घेऊन या. मंग मी काय ते सांगीन." आवाजात माया नव्हती, असायचं कारणही नव्हतं. मी निघालो. लग्न मोडलं असंच धरून चाललो होतो, तरी पाऊल जड नव्हतं. जे होईल ते महादेवावर सोडलं होतं, आणि खरोखर सोडलं म्हणजे काय होतं ते त्या बसमध्ये पहिल्यांदा समजलं.

दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंनी दोन्ही कागद पुढे ठेवले. रक्तात तो आजार नव्हता. गाठीत टीबी होता. मी असा काही हसलो की त्या घाबरल्या. "अहो, टीबी निघालाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "हो मॅडम, टीबी निघाला! फार चांगलं झालं!" टीबी निघाला म्हणून पेढे वाटावेसे वाटणारा त्या दवाखान्यात मी पहिलाच असेन.

माझ्या नावाचा औषधांचा डबा गावच्या अंगणवाडीताईंकडे आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, त्यांच्यासमोर मूठभर गोळ्या गिळायच्या. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी धावत गेलो, तर ताई हसून लोटपोट. "औषधाचाच रंग आहे तो, भाऊ." रिपोर्ट मी वनिताला नेऊन दाखवला. तिनं घरी सांगितलं की टीबीचं औषध संपेपर्यंत लग्न थांबवू. बाकीचं तिनं आपल्यापाशी ठेवलं, आणि मला तिनं महिनाभर एक शब्द बोलू दिला नाही. मग एका शुक्रवारी ती अंगणवाडीच्या दारात उभी दिसली. गोळ्या गिळून होईपर्यंत बघत राहिली. "खाता ना रोज बरोबर?" म्हणाली. मी म्हटलं, रोज नाही, आठवड्यातून तीनदा असतात. "तेच म्हणते," म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. त्या हसण्यावर मी उरलेले महिने काढले. पोळ्याला डबा संपला. वजन भरलं, ताप गेला, गाठी विरघळून एक वाटाण्याएवढी खूण तेवढी हाताला लागते. धान कापून झाल्यावर आमचं लग्न झालं.

पुढच्या शिवरात्रीला आम्ही दोघं पोह्यात होतो. या वेळी मी सगळ्यांच्या लोट्यातून पाणी प्यालो. देवाच्या गोष्टींत मदत करणारा माणूस नंतर शोधून सापडत नाही असं ऐकलं होतं, म्हणून मनात धाकधूक होती. पण ती आपली त्याच जागी, त्याच ताडपत्रीवर, एका गिऱ्हाइकाशी भांडत बसली होती. मला बघितल्याबरोबर तिनं बोचक्यातून माझा दुपट्टा काढला. धुऊन घडी घातलेला होता. मी रक्ताचा रिपोर्ट सांगू लागलो, तिनं हातानंच गप्प केलं आणि वनिताकडे वळली.

"सांगतलं का यानं तुले?"

"सांगतलं, मावशी. रिपोर्ट यायच्या आधी."

"आधी?"

"आधी."

बोरवालीनं माप खाली ठेवलं. तिचा चेहरा असा काही बदलला की मला बघवेना. जन्मभर ज्या शब्दाची वाट बघितली तो दुसऱ्याच्या घरी का होईना, बोलला गेला होता. मग तिनं बोरांवर ताडपत्री ओढली, शेजारच्या नारळवाल्याला "ध्यान ठेवजो" म्हणून ओरडली, पदर खोचला आणि वनिताचा हात धरला. "चाल पोरी. येवढ्या वर्साचं त्याले सुनवाचं हाय मले."

पायऱ्या तिला सोप्या नव्हत्या. दोनदा थांबली, पण हात सोडला नाही. गाभाऱ्यात ती एकटी पुढे गेली, आम्ही मागे राहिलो. काय बोलली ते ऐकू आलं नाही. रांगेतली माणसं कुरकुरू लागली, तरी ती हटली नाही. मी महादेवाकडे गाठ घेऊन गेलो होतो, ती काढून घे म्हणून. त्यानं ती माझ्याच हातांनी उघडायला लावली, आणि त्यासाठी पायथ्याशी आपल्यावर रुसलेलं माणूस बसवून ठेवलं. त्याचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू? आता मागणं असं काही उरलं नाही. सोमवार मात्र धरतो.

अखेर ती बाहेर आली. डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, झालं का नाई बोलून?" तेव्हा तिनं मागे वळून, सगळ्या गडाला ऐकू जाईल असा आवाज काढला, "हर हर महादेव!" आणि अख्खी रांग तिच्या मागोमाग गरजली.