जगूमास्तर आणि एक क्रियापद

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, दांडी, तारापूर आणि बोईसर या पंचक्रोशीत 'गेट' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ आजमितीस कुणालाही ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होता तो माझा बालमित्र जगू, म्हणजे सगळ्यांचे जगूमास्तर, गेल्या महिन्यात वारला. आणि त्याला तरी ठाऊक होता, हे मी कशाच्या जोरावर म्हणतोय... असो.

बातमी आली तेव्हा मी मनोरच्या नाक्यावर टायरचं पंक्चर काढून घेत होतो. फोनवर त्याची मुलगी वैशाली. "काका, बाबा गेले." मी विचारलं, "कुठं?" हा माणूस कायम कुठंतरी निघालेलाच असायचा, माझं काय चुकलं? पलीकडून पोरीचा हुंदका आला, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला आणि मी तिथंच जुन्या टायरवर बसलो.

जगू दांडीचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. पण होडीत पाय ठेवला की त्याला ओकारी यायची. बापानं कपाळावर हात मारला आणि पोराला शाळेत रेटलं. पुढं तो बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरला लागला आणि संध्याकाळी घराच्या ओटीवर इंग्रजी शिकवू लागला. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, आत फळा आणि खुर्चीत जगू. ज्याला गरज असेल त्यानं यावं, वयाची अट नाही. मीही एकदा गेलो होतो. मागं बसून त्याची नक्कल केली. त्यानं मला 'गेट'चा एकच प्रयोग शिकवला, "गेट आऊट", आणि तो अर्थासकट कायमचा माझ्या लक्षात राहिला.

त्याच ओटीवर परवा शोकसभा झाली. वैशाली पालघरला नोकरी करते. आईला तिकडं न्यायचं, फळा उतरवायचा आणि ओटीला कुलूप लावायचं, असं तिनं ठरवलं होतं. सभेला विद्यार्थी जमले. पहिला उठला रामलखन, कारखान्यातला ऑपरेटर. रडत म्हणाला, "मास्टरजीने सिखाया, गेट मतलब हो जाना. टँक गेट हॉट. साहब को फोन पे यही बोलता हूँ."

"हो जाना काय, मेल्या?" बायजामावशी खेकसली. ती कारखान्याच्या साहेबलोकांच्या कॉलनीत दारोदार मासळी विकते. "गेट म्हंजे मिळणं! टुमारो यू गेट पापलेट. सगल्या मडमांना कलतं, तुला नाय कलत?"

माकुणसारचे वाडीवाले वसंतराव खाकरले. त्यांची लेक परदेशात असते. "दोघंही चुकताय. गेट म्हणजे पोचणे. हाऊ डू आय गेट देअर? हे विचारत विचारत मी लेकीच्या दारात पोचलो. न पोचतो तर तुमच्यासमोर उभा असतो का?"

"उबे हायत ते दिसतंय. आता बसा!" मावशी म्हणाली.

मग जो गोंधळ उडाला, तो मी आयुष्यभर पुरवून पुरवून सांगणार आहे. फोटोतला जगू सोडून सगळेच बोलत होते. मला हसू आवरेना. तेवढ्यात वैशालीनं माझी बाही ओढली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, खरं सांगा... बाबांना इंग्रजी येत होतं ना? की इतकी वर्षं या माणसांना फसवत होते?"

माझं हसू पळालं. कारण नेमकं हेच मी जगूला एकदा किनाऱ्यावर विचारलं होतं. समोर त्याचा भाऊ जाळं विणत बसला होता. "अरे, एका शब्दाचे इतके अर्थ, आणि तू एकेकाला एकेकच देतोस?" जगू म्हणाला, "पापलेटाचं जाळं येगलं, बोंबलाचं येगलं. ज्याला जो मासा पायजे त्याला ते जाळं. सगली जाळी एका होडीत भरली, तर मानसं कुटं बसतील?" तेव्हा मला हे फार थोर वाटलं होतं. आता शंका येते की तेवढ्यावर त्यानं मला गुंडाळलं... खरं काय ते मला अजूनही कळत नाही.

मी वैशालीला ते सगळं सांगितलं, आणि माझा आवाज मुळात नाटकातला, त्यामुळे ते सर्वांनीच ऐकलं. रामलखन वसंतरावांकडे बघायला लागला, वसंतराव मावशीकडे. आपल्याला एकेकच अर्थ मिळाला, हे तिघांच्याही हळूहळू ध्यानात येत होतं. वैशाली डोळे पुसून फळा उतरवायला वळली, तशी बायजामावशी ताडकन उठून ओरडली,

"हात नको लावू त्याला! माजे बाकीचे आता कोन शिकवील? बस गो बापाच्या खुर्चीत!"